आयुष्यभर शिकवलं, आता शिकायला बसता येत नाहीये, आणि देवालाही नीट विचारता येत नाहीये

निवृत्त_बाई

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचत असते, लिहायचा धीर आज झाला. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी ३१ वर्षं हायस्कूलला मराठी शिकवलं. दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले आणि त्याच वर्षी हे गेले. मुलगा पुण्यात, मी साताऱ्यात एकटी, म्हणून कॉलनीतल्या मारुतीच्या देवळात दर गुरुवारी ज्ञानेश्वरी वाचतात तिथं जायला लागले. सांगणारा मुलगा अठ्ठावीस वर्षांचा आहे, दिवसा मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतो, नखात काळं आणि अंगाला वार्निशचा वास तसाच घेऊन संध्याकाळी येतो, आळंदीला चार वर्षं राहून शिकलेला आहे. सगळे त्याला बुवा म्हणतात. मला मात्र तोंडातून ना बुवा निघतं ना नाव, आणि अरे म्हणू की अहो हे दोन महिने झाले तरी ठरत नाहीये.

तर झालं असं, गेल्या महिन्यात नववा अध्याय सुरू झाला आणि तो म्हणाला बाई आज पहिली ओवी तुम्ही सांगा. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. "तरी अवधान एकलें दीजे । मग सर्व सुखासि पात्र होइजे" ही ओवी. मी छान वीस मिनिटं बोलले, अवधान म्हणजे काय, एकाग्रता म्हणजे काय, वर्गात मी पोरांना कसं सांगायचे की इकडे लक्ष द्या म्हणजे बाकी सगळं आपोआप येईल, माउलीही तेच सांगतायत वगैरे. लोक माना डोलावत होते. माझं संपल्यावर तो हळूच म्हणाला, "माउली, पुढची ओवी राहिली. ती घेतल्याशिवाय ही पुरी होत नाही." आणि त्यानं ती म्हटली, "परी प्रौढी न बोलें हो जी । तुम्हां सर्वज्ञांच्या समाजीं । देयावें अवधान हे माझी । विनवणी सलगीची." म्हणाला, ज्ञानोबाराय इथं वर्गाला लक्ष द्या म्हणत नाहीयेत, समोर बसलेल्यांना सर्वज्ञ म्हणतायत आणि मी बढाई मारत नाही, लाडानं विनवणी करतोय असं म्हणतायत, लेकरू आईला म्हणतं तसं, माझ्याकडे बघ ना.

त्याचं बरोबर होतं. मला तिथल्या तिथं कळलं की बरोबर आहे. आणि तरी कानाच्या पाळ्या गरम झाल्या. घरी येऊन रात्री अकरापर्यंत मी त्याची चूक शोधत बसले होते, सलगीचा अर्थ तो जरा वेगळा सांगतोय का म्हणून शब्दकोश काढला. शब्दकोश! नंतरच्या गुरुवारी गुडघ्याचं निमित्त सांगून गेलेच नाही. त्याच्या पुढचाही गुरुवार चुकवला.

दुसरी गोष्ट याच्याशी जोडलेली वाटते म्हणून सांगते. पाटणकडे आमचं गावचं घर आहे, धाकटे दीर म्हणतात विकून टाकू, मला ते ठेवायचंय. रोज दिवेलागणीला देवापुढे बसून विचारते की काय करू, मार्ग दाखव. आणि रोज जे उत्तर येतं ते सकाळपासून माझ्या मनात असतं तेच असतं. परवा एकदम लक्षात आलं की मी देवाला विचारतच नाहीये, माझ्या अर्जावर त्याची सही मागतेय.

तर प्रश्न असा. नम्र व्हायचं म्हणजे नेमकं काय करायचं? मला काहीच येत नाही असं म्हणायचं का? ते तर खरं नाही, ३१ वर्षांत मला जे येतं ते येतं. आणि या वयात हे जमतं का कुणाला? अनुभव असेल तर प्लीज लिहा.

तेरणाकाठचा

बाई, नमस्कार. तुम्ही लिहिलेलं वाचून मला पहिल्यांदा मडकं आठवलं. मी मूळचा तेरचा, धाराशिव जिल्हा, गोरोबाकाकांचं गाव, त्यामुळे ही गोष्ट आम्ही दुधाबरोबर ऐकलेली. तुम्ही तर वर्गात शिकवलीही असेल पण मला ती सांगू दे कारण त्यातला एक भाग लोक पटकन सोडून देतात.

ज्ञानदेव, निवृत्तीनाथ, सोपान, मुक्ताई, नामदेव अशी सगळी मंडळी काकांच्या घरी जमलेली. मुक्ताईनं थापटणं बघितलं आणि विचारलं काका हे कशाला, काका म्हणाले यानं मडकं कच्चं का पक्कं ते कळतं. मग ती पोर म्हणाली, आम्हीपण मडकीच की, बघा आमच्यातलं कोण कच्चं. काका उठले आणि एकेकाच्या डोक्यावर थापटत निघाले. सगळे गप्प बसले, नामदेव चिडले. पाहुण्याला मारता काय म्हणाले. काका म्हणाले, हे मडकं कच्चं आहे.

आता नामदेव कोण होते बघा. ज्यांच्या हातचा नैवेद्य लहानपणी प्रत्यक्ष विठोबानं खाल्ला असं आपण म्हणतो, देवाशी रोजचं बोलणं. त्यांची भक्ती खोटी होती असं कुणीच म्हणत नाही, काकापण म्हणाले नाहीत. इथं मला माझी आजी आठवते. बाजारात मडकं घेताना ती ते डाव्या हातावर उचलायची, कान जवळ न्यायची आणि बोटाच्या सांध्यानं टक् टक् वाजवायची. पक्कं असलं की खणखणीत वाजतं आणि कुठं बारीक चीर असेल किंवा भट्टीत कमी भाजलं असेल तर बद्द आवाज. मी विचारलं होतं की दिसायला तर दोन्ही सारखीच आहेत, तर ती म्हणाली दिसायला सारखीच असतात बाबा, पाणी भरलं की कळतं. न भाजलेल्या मडक्यात पाणी भरलंत तर ते पाणी धरत नाही, स्वतःच विरघळायला लागतं. घाट बरोबर असतो, माती चांगली असते, कुंभाराचे कष्टही झालेले असतात, एवढी भट्टी राहिलेली असते.

तुमची ३१ वर्षं म्हणजे माती आणि घाट, ते कुणी खोटं म्हणत नाहीये. त्या पोरानं पुढची ओवी म्हटली ते थापटणं होतं, आणि तुम्ही रात्री अकरा वाजता शब्दकोश काढला तो आवाज झाला. राग मानू नका, मी पण तसाच वाजतो.

आणि लोक सोडून देतात तो भाग पुढचा आहे. नामदेव रडत पंढरपूरला गेले, विठ्ठलाकडे तक्रार केली की मला कच्चा म्हणतात. विठ्ठल समोर होता, रोज बोलणारा होता, त्यानं स्वतःच शिकवलं असतं तर काय बिघडलं असतं? नाही शिकवलं. म्हणाला काका म्हणतात ते खरं आहे, तू विसोबा खेचरांकडे जा. म्हणजे देवाला मार्ग विचारला तर देवानं एका माणसाचा पत्ता दिला. औंढ्या नागनाथाला नामदेव पोचले तर म्हातारा पिंडीवर पाय ठेवून झोपलेला. नामदेवांनी काय केलं, लगेच शिकवायला सुरुवात केली, पाय काढा म्हणून. विसोबा म्हणाले बाबा मला उठवत नाही, जिथं देव नसेल तिथं तूच ठेव माझे पाय. नामदेव पाय उचलून ठेवायला गेले आणि ठेवतील तिथं पिंडी. आलेले शिकायला, सुरुवात केली शिकवून, आणि म्हाताऱ्याचे पाय हातात धरल्यावर खरं शिकणं चालू झालं.

आणि विसोबा तरी जन्मतःच तसे होते का. हेच विसोबा आळंदीत ज्ञानदेव भावंडांना छळायचे, मुक्ताईला मांडे भाजायला गावात खापर मिळू दिलं नाही, मग ज्ञानदेवांच्या तापलेल्या पाठीवर मांडे भाजले आणि ते बघून विसोबा पायावर पडले, उष्टं खाल्लं, अशी कथा सांगतात. म्हणजे नामदेवांना ज्याच्याकडे पाठवलं तो स्वतः आधी मोडून परत घडलेला होता. मला वाटतं म्हणूनच पाठवलं.

पुढे नामदेव पंजाबात घुमानपर्यंत गेले, गुरु ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदं आहेत, एवढं मोठं काम. आणि पंढरपुरात त्यांची जागा कुठं तर महाद्वारात पायरीला. आमचे वडील त्या पायरीवर कधी पाय ठेवायचे नाहीत, वाकून हात लावायचे आणि लांब ढांग टाकून आत जायचे.

स्पष्टच_सांगते

वरचा प्रतिसाद सुंदर आहे, वाचताना गलबलून आलं. पण मला एक दुसरी बाजू मांडावीच लागेल, बाई तुम्ही रागावू नका.

नम्रता, शरणागती, गुरूचे पाय हे शब्द ऐकले की माझ्या पोटात गोळा येतो. माझी सख्खी मावशी एका महाराजांच्या नादी लागली होती. कुठले ते नाव घेत नाही. तिथं प्रश्न विचारणं म्हणजे अहंकार असं शिकवायचे. मावशीनं पाटल्या दिल्या, बँकेतली एफडी मोडून दिली, आणि काका काही बोलले की ते महाराज सांगायचे तुमच्या यजमानांचा अहंकार आड येतोय. अकरा वर्षं. अशा लोकांसाठीच २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा आणावा लागला ना महाराष्ट्रात. म्हणून मी कुणालाही, आणि खासकरून बाईमाणसाला, नम्र हो असं सांगताना दहादा विचार करते. आपल्याकडे बायकांना आयुष्यभर तेच तर सांगितलेलं असतं.

आणि चोखोबांचं काय? त्यांच्याइतका नम्र कोण होता, आणि त्यांना पायरीच्या आत येऊ दिलं नाही, समाधी पण महाद्वाराबाहेर. त्यानंतर कितीशे वर्षं ते दार बंदच राहिलं, १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना दहा दिवस उपोषण करावं लागलं तेव्हा पंढरपूरचं मंदिर सगळ्यांना उघडलं. त्या शेकडो वर्षांत नम्र कोणी व्हायला पाहिजे होतं, बाहेरच्यांनी की आतल्यांनी? ज्याला मान ताठ करायची संधीच मिळाली नाही त्याला वाकायला सांगणं हे पाप आहे असं मी मानते.

तरीपण बाईंच्या बाबतीत मला वेगळं वाटतंय. गीतेत चौथ्या अध्यायात ज्ञान कसं मिळवावं ते सांगितलंय त्यात तीन शब्द आहेत, प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा. आमच्या मावशीच्या त्या महाराजांनी मधला शब्द गाळला होता. नमस्कार करा, सेवा करा, पण विचारू नका. आणि ज्ञानेश्वरीत त्याच जागी माउलींचा शब्द "अगर्वता" आहे, म्हणजे गर्व सोडून सेवा करा म्हणतात, आणि लगेच पुढच्या ओवीत "पुसिलें" आहे. पुसायचं म्हणजे विचारायचं. तो अठ्ठावीस वर्षांचा मुलगा तुमच्याकडे काही मागतोय का? पाया पडा म्हणतोय का? उलट तोच तुम्हाला माउली म्हणतोय. जिथं शिकवणाराच आधी वाकलेला असतो तिथं आपण वाकायला हरकत नाही एवढी माझी खूण आहे, मावशीच्या प्रकरणानंतर शिकलेली. गाडगेबाबा म्हणायचे ना की माझा कुणी शिष्य नाही, मी कुणाचा गुरू नाही. हातात खराटा, कीर्तनाआधी गाव झाडायचे आणि कीर्तनात लोकांना प्रश्न विचारायचे. असा माणूस भेटला तर मी डोळे झाकून मागे जाईन.

पहिलीवारी

बाई, अरे की अहो वरून चांगदेव आठवले एकदम. त्यांचं पण हेच झालं होतं ना. चौदाशे वर्षांचे योगी, ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसले आणि मायना काय लिहावा तेच कळेना, वयानं लहान म्हणून चिरंजीव लिहावं तर ज्ञानानं मोठे, तीर्थरूप लिहावं तर वयानं पोर. शेवटी कोरा कागद पाठवला. मुक्ताई हसली की एवढं जगून हा कोराच राहिला. पण त्या कोऱ्या कागदामुळेच उत्तर आलं, पासष्ट ओव्यांचं, चांगदेव पासष्टी. मायना लिहून दोन पानं स्वतःचीच विद्वत्ता भरून पाठवली असती तर काय उत्तर आलं असतं कोण जाणे. आणि शेवटी त्यांनी गुरू केलं ते मुक्ताईला, सगळ्यात लहान पोरीला.

मी वयानं लहान आहे (२६, आयटी), मागच्या वर्षी पहिल्यांदा आळंदीहून चालले. पुण्याचा मुक्काम सोडल्यावर दिवेघाट चढताना एक सत्तरीचे आजोबा, धोतर गुडघ्यापर्यंत, मला पाणी विचारलं, मी बाटली दिली, ते प्यायले आणि वाकून माझ्या पायाला हात लावला. मी घाबरून मागे सरकले, म्हटलं आजोबा हे काय, पाप लागेल मला. ते म्हणाले, "तुझ्या नाय गं, माउलीच्या पडलो, तू मधी आलीस." आणि निघून पण गेले. मी तिथंच उभी होते पाच मिनिटं. नंतर सासवडला पोचेपर्यंत बघत होते तर सगळेच एकमेकांच्या पडतात, सून सासूच्या तशी सासू सुनेच्याही. त्या दिवसापासून ऑफिसात कुणी माझा कोड रिव्ह्यू करून चुका काढल्या ना तर ते आजोबा आठवतात. राग येतोच, पण थोडा उशिरा येतो 🙏

बाई तुम्ही परत जा देवळात. एवढंच सांगायचं होतं.

देवगडकर

सह्या मागण्याचं वाक्य वाचून थांबलोच. आमच्याकडे यावर एक जुनी व्यवस्था आहे ती सांगतो, विश्वास ठेवा असं म्हणत नाही, पण त्यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो.

कोकणात ग्रामदेवतेला कौल लावतात. घरात लग्नकार्य असो, जमिनीचं भांडण असो, आंब्याच्या बागेचा व्यवहार असो, माणूस देवळात जातो, गुरव देवाच्या पाषाणाला ओल्या कळ्या नाहीतर तांदूळ चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, मागून सगळे होय महाराजा म्हणतात आणि मग वाट बघायची. उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. वाट बघायची म्हणजे खरंच बघायची, कधी पाच मिनिटं, कधी पाऊण तास, कळी हलत नाही. देवळात त्या वेळी जी शांतता असते ना, समईची वात चुरचुरताना ऐकू येते. लहानपणी मी त्या कळीकडे टक लावून बसायचो.

आमचे आजोबा एकदा भावाशी कुंपणाच्या वादावरून कौल घ्यायला गेले होते. मी बरोबर होतो, आठ नऊ वर्षांचा. डावी कळी पडली. आजोबा गुरवाला म्हणाले जरा परत लाव, गाऱ्हाण्यात काहीतरी राहिलं. गुरव वयानं आजोबांपेक्षा खूप लहान, आमच्याच वाडीतला, आमच्याच बागेत कामाला येणारा. तो म्हणाला, "नाना, देवान सांगलान ता आयकाचा, परत परत इचारुचा नाय." आजोबांचा चेहरा मला अजून आठवतो. बागेत ते त्याला हुकूम सोडायचे. काही न बोलता नारळ ठेवला, आणि येताना वाटेत थांबून भावाच्या घरी चहा प्यायलो, तीन वर्षांनी.

आता कळी का पडते, ओलावा सुकला म्हणून पडते हे मलाही कळतं, मी सायन्सचा आहे. पण माझं म्हणणं वेगळं आहे. त्या व्यवस्थेत विचारणाऱ्याला एक गोष्ट आधीच मान्य करून जावं लागतं, की उत्तर डावं पण येऊ शकतं. घरी डोळे मिटून देवाला विचारताना आपण ती डावी कळी लावतच नाही. फक्त उजवीच लावतो आणि पडायची वाट बघतो. बाई, तुम्ही रोज दिवेलागणीला विचारता तेव्हा, दीर म्हणतात तेच देवाचं उत्तर असेल तर मी ऐकेन असं एकदा मोठ्यानं म्हणून बघा. ते तोंडातून निघतं का बघा. माझ्या तोंडातून नोकरी सोडायच्या वेळी आठ दिवस निघत नव्हतं.

वसईवाला

आम्ही ख्रिस्ती लोक, तरी हा विषय आमच्या घरचाच वाटला म्हणून लिहितो. बायबलमध्ये शलमोन राजाची गोष्ट आहे. नुकताच गादीवर बसलेला, गिबोनला स्वप्नात देव त्याला म्हणाला काय पाहिजे ते माग. तो म्हणाला मी लहान मूल आहे, बाहेर कसं जावं आणि आत कसं यावं हेही मला कळत नाही, मला ऐकणारं मन दे. मूळ हिब्रूत "ऐकणारं" असाच शब्द आहे. आयुष्य मागितलं नाही, धन नाही, शत्रूचं वाईट नाही. आमचे फादर सांगायचे, त्यानं उत्तर मागितलं नाही, कान मागितला. आणि हाच शलमोन म्हातारपणी भरकटला हेही त्याच पुस्तकात लिहिलंय, म्हणजे एकदा मागून पुरत नाही.

पवित्र गुरुवारी आमच्या चर्चमध्ये फादर गावातल्या बारा जणांचे पाय धुतात, येशूनं शिष्यांचे धुतले तसे. एका वर्षी माझ्या वडिलांचा नंबर होता. केळीच्या वाडीत आयुष्य गेलेलं, टाचा फाटलेल्या, चिकाचे काळे डाग. त्यांना इतका संकोच वाटत होता की आदल्या रात्री दगडानं पाय घासत बसले होते. मला तेव्हा वाटायचं की नम्रपणा धुणाऱ्याचा असतो. पण वडील म्हणाले, धुवून घेणं जास्त अवघड होतं रे. बाई, तुमचा गुरुवारसुद्धा तसाच असावा असं वाटतं.

निवृत्त_बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला बारा दिवस लागले कारण आधी काहीतरी करून मगच लिहायचं असं ठरवलं होतं.

स्पष्टच_सांगते, मी अजिबात रागावले नाही. तुमच्या मावशीचं वाचून रात्री झोप लागली नाही. तुम्ही म्हणता तो मधला शब्द मी वहीत लिहून घेतला आणि एक गोष्ट लक्षात आली की माझ्या वर्गातही मी तो बऱ्याचदा गाळला होता. कुणी पोरानं उलटा प्रश्न विचारला की मी म्हणायचे आधी धडा संपू दे. धडा संपायचा आणि घंटा व्हायची. किती पोरांचे प्रश्न त्या घंटेत गेले असतील. त्यातलं एक पोर तरी आज कुठं दुकान चालवत असेल आणि गुरुवारी कुणाला तरी पुढची ओवी सांगत असेल अशी माझी फार इच्छा आहे.

तेरणाकाठचा, तुमच्या आजीसारखी माझी आईपण मडकं वाजवून घ्यायची. हे मी पूर्ण विसरले होते.

तर गेल्या गुरुवारी गेले. गुडघ्यामुळे खुर्ची लागते, ती नेहमी मी पुढे उजव्या बाजूला ठेवून घ्यायचे, या वेळी मागे खांबाजवळ ठेवली. तिथून सगळ्यांच्या पाठी दिसतात आणि वाचणाऱ्याचा आवाजच फक्त येतो. मला वेगळंच ऐकू आलं, खरं सांगते. वाचन संपल्यावर उठले आणि म्हटलं, बुवा, (निघालं तोंडातून, अडखळत निघालं) त्या दिवशीची ती सलगीची ओवी मला परत एकदा सांगाल का, मी घरी जाऊन शब्दकोश बघितला पण तुमचा अर्थ त्यात सापडत नाही. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "माउली, लाडानं मागणं एवढंच मला शिकवलंय, पण तेवढ्यावर माझंही समाधान होत नाही. आळंदीच्या आमच्या महाराजांना फोन करतो आणि पुढच्या गुरुवारी दोघं मिळून बघू." माझ्या शब्दकोशातलं पान त्यानं मोबाईलवर फोटो काढून मागितलंय. मी ते पाठवलं, आणि पाठवताना मायना काय लिहावा म्हणून मीही पाच मिनिटं थांबले, पहिलीवारी 🙂 शेवटी नुसतं माउली लिहिलं.

आता घराचं. देवगडकर, तुम्ही सांगितलंत ते वाक्य मोठ्यानं म्हणायला मला चार दिवस लागले. पहिल्या दिवशी "दीर म्हणतात तेच" इथपर्यंत आले आणि उठून गॅस बंद करायला गेले, गॅस बंदच होता. चौथ्या दिवशी पूर्ण म्हटलं. काही चमत्कार झाला नाही, देवापुढे तशीच बसले होते. पण म्हटल्यावर पहिला विचार आला तो असा की भाऊजी नेमकं काय म्हणतात हे मी धड ऐकलेलंच नाही. विकू या एवढं ऐकलं आणि पुढचं माझं मीच बोलत राहिले, वर्षभर.

म्हणून काल रात्री फोन केला. म्हटलं भाऊजी, मी आज काही सांगायला फोन केलेला नाही, तुम्ही सांगा, मी ऐकते. आधी त्यांना वाटलं माझी तब्येत बरी नाही. मग बोलले. हे गेले त्याच वर्षीच्या पावसाळ्यात परड्याकडची भिंत आत ढासळलीय, वासे उघडे पडलेत, आणि यांना जाऊन चार महिनेच झाले होते म्हणून त्यांनी मला सांगितलं नाही. एकट्यानं ताडपत्री बांधून आलेत. दुरुस्तीचा आकडा त्यांच्या आवाक्याबाहेरचा होता आणि माझ्याकडे मागायची लाज वाटत होती. विकायचं म्हणतात ते त्यामुळे. मला हे काही म्हणजे काहीच माहीत नव्हतं.

विकायचं की ठेवायचं ते अजून ठरलेलं नाही, आणि मी काही धरून बसलेली नाही. रविवारी सकाळच्या एसटीनं पाटणला जातेय, भाऊजी स्टँडवर येणार आहेत. आधी ती भिंत बघून येते, मग लिहिते.